जुन्या टेपांचं डिइंटरलेसिंग: कुठली पद्धत घ्यायची, अगदी पहिल्यापासून

कोपरखैरण्याच्या मामाकडे मिनी डीव्हीच्या, म्हणजे जुन्या हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल, एकोणीस टेपा होत्या, चपलांच्या खोक्यात ठेवलेल्या, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात तारीख. २००५ च्या श्रावणातली मामेबहिणीची मंगळागौर त्यातल्याच एका टेपेत आहे आणि त्यात आमची आजी फुगडी घालते. ही टेप मामाने पूर्वी एका दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली होती, आम्ही सगळ्यांनी ती बघितलेली, आणि आजी गोल फिरायला लागली की तिच्या प्रत्येक हाताशेजारी आणखी एक फिकट हात दिसायचा, पाटल्या तर दिसायच्याच नाहीत, नुसता पिवळा पट्टा. आम्हाला वाटलं कॅमेराच तसा असणार. मग मी गेल्या वर्षी मूळ टेप स्वतः कॉम्प्युटरवर घेतली आणि एकेक फ्रेम पुढे नेत बघितली तर आजीचा हात स्वच्छ, दोन्ही पाटल्या वेगवेगळ्या दिसतात. टेपेत काहीच बिघाड नव्हता, दुकानात डिइंटरलेस करताना, म्हणजे जुना व्हिडिओ आजच्या स्क्रीनसाठी बदलून घेताना, दोन क्षण एकमेकांत कालवले गेले होते एवढंच.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. घरोघरी अशा टेपा पडून आहेत, लोक आता त्या डिजिटल करून घेतायत, आणि नेमकी हीच पायरी घाईत उरकली जाते. मी ठाण्याच्या नौपाड्यात राहते, टेपा आणायला दर रविवारी ट्रान्स हार्बरच्या लोकलने कोपरखैरण्याला जायचे, त्यामुळे उदाहरणं सगळी आमच्या घरातली आहेत, पण नियम सगळीकडे तेच.

आधी इंटरलेस म्हणजे काय ते नीट समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, हे कळलं की पुढची निवड आपोआप कळते.

आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचा. त्यात चित्राच्या दिसणाऱ्या ओळी ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. पण त्या काळचा कॅमेरा पूर्ण फ्रेम एकदम टिपत नाही. तो आधी एकाआड एक अशा २८८ ओळी टिपतो आणि २० मिलिसेकंदांनी मधल्या उरलेल्या २८८ ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम म्हणत असले तरी प्रत्यक्षात टेपेवर ५० वेगवेगळे क्षण असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्याभोवतीच फिरणार आहे.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे फील्ड एकामागून एक तसेच दाखवायचा त्यामुळे हालचाल एकदम गुळगुळीत वाटायची. मोबाईल, लॅपटॉप, आत्ताचे सपाट टीव्ही सगळ्या ओळी एकदम दाखवतात, मग दोन फील्ड एकमेकांत विणून एक फ्रेम बनते. जे स्थिर आहे ते सुंदर दिसतं कारण दोन्ही फील्डमध्ये ते एकाच जागी आहे. जे हललं ते मात्र एका ओळीत इथे, पुढच्या ओळीत तिथे, आणि कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. मामाने एका टेपेत ऐरोलीहून ठाण्याकडे येताना लोकलच्या खिडकीतून शूट केलंय (ही लाईन २००४ साली सुरू झाली, तेव्हा तिचं अप्रूप होतं), त्यात लांबचा डोंगर अगदी शांत आहे आणि जवळून जाणारा प्रत्येक खांब उभा कातरलेला दिसतो. ते कंगवे म्हणजेच इंटरलेस.

डिइंटरलेस करायचं म्हणजे प्रत्येक फील्डमधल्या गाळलेल्या ओळी भरून त्याचं पूर्ण चित्र बनवायचं. त्या ओळी कशाने भरायच्या, यावर सगळ्या पद्धती वेगळ्या होतात.

मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा

मिनी डीव्ही असेल तर फायरवायर केबलने घ्या. टेपेवर व्हिडिओ आधीच डिजिटल असतो, फायरवायरने त्याची हुबेहूब कॉपी येते. एका तासाला साधारण १३ जीबी लागतात, हार्ड डिस्क घ्या पण ही फाईल उडवू नका. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरने स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर डबीत घेतलं तर डिजिटलचं अ‍ॅनालॉग, परत त्याचं डिजिटल होतं, शिवाय काही डब्या स्वतःच आत डिइंटरलेस करून टाकतात आणि अर्धे क्षण तिथेच जातात. व्हीएचएस किंवा हाय एटच्या टेपेला अ‍ॅनालॉग कॅप्चरशिवाय इलाज नाही, तिथे डबी निवडताना ती ७२० बाय ५७६ इंटरलेस्ड तसंच साठवते ना एवढं टेस्ट करून बघा.

डिइंटरलेसिंगच्या पद्धती सुधारत जातात. मूळ फाईल असली तर पाच वर्षांनी परत करता येईल, डिइंटरलेस केलेल्या फाईलवरून मागे जाता येत नाही.

आता तपासणी: हातात नक्की काय आहे

नवीन माणूस इथे सगळ्यात जास्त चुकतो. कुठला फिल्टर (डिइंटरलेस करायची पद्धत) चांगला असं विचारत सुटतो आणि आपला व्हिडिओ खरंच इंटरलेस्ड आहे का हेच बघत नाही. आधी हे बघा.

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाका. व्हिडिओखाली स्कॅन टाईप आणि स्कॅन ऑर्डर अशा दोन ओळी दिसतील. डीव्ही असेल तर इंटरलेस्ड आणि बॉटम फील्ड फर्स्ट, म्हणजे दोनातलं खालच्या ओळींचं फील्ड आधी. एचडीव्ही आणि बऱ्याचशा एचडी हँडीकॅमचं टॉप फील्ड फर्स्ट. ही माहिती म्हणजे फाईलवर चिकटवलेलं लेबल. लेबल चुकीचंही असतं, विशेषतः फाईल मधे कुणीतरी एडिट केलेली असेल तर. म्हणून डोळ्यांनी बघायचंच.

व्हीएलसीमध्ये फाईल लावा, वर व्हिडिओच्या मेनूत डिइंटरलेस ऑफ करा, नाहीतर तो आपणहून करून दाखवतो आणि आपली फसगत होते. हालचालीच्या ठिकाणी थांबवा आणि कीबोर्डवरची ई दाबत एकेक फ्रेम पुढे जा. हललेल्या प्रत्येक गोष्टीला प्रत्येक फ्रेममध्ये कंगवा आहे का? मग बहुतेक खरं इंटरलेस्ड. कुठेच नाही? मग हा व्हिडिओ प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण फ्रेम एकदम असलेला आहे, लेबल काहीही म्हणो, आणि याला डिइंटरलेस करायचंच नाही. पाचातल्या तीन फ्रेम स्वच्छ आणि दोन कंगव्याच्या असं चक्र दिसलं तर ते अमेरिकेकडचं, त्यावर पुढे लिहिते.

आणि मग माझी आवडती टेस्ट, मी प्रत्येक टेपेला करतेच. हालचाल भरपूर असलेला दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निवडायचा आणि तो बॉब पद्धतीने, म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून, ५० फ्रेममध्ये एन्कोड करायचा, म्हणजे त्याची नवीन फाईल बनवायची. कसा ते खाली हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सांगते. मग तो तुकडा परत एकेक फ्रेम पुढे न्यायचा. मी गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेतलं तलावपाळीजवळचं लेझीम घेतलं होतं कारण लेझीमची हालचाल वेगवान आणि ठराविक असते, हात कुठून कुठे जाणार ते आपल्याला माहीत असतं.

तीनपैकी एक गोष्ट दिसेल. लेझीम प्रत्येक फ्रेमला थोडं थोडं पुढे सरकतंय, तर व्हिडिओ खरा इंटरलेस्ड आणि फील्डचा क्रम बरोबर. लेझीम तीन पावलं पुढे, एक पाऊल मागे, परत तीन पुढे असं थरथरत जातंय तर फील्डचा क्रम उलटा लागलाय, चालू करून बघितलं तर हे डोळ्यांना लगेच टोचतं. आणि दोन फ्रेम लेझीम एकाच जागी, मग उडी, परत दोन फ्रेम एकाच जागी, तर मूळ क्षण सेकंदाला २५ च आहेत, नुसते दोन फील्डमध्ये वाटलेत.

पंधरा सेकंदांच्या तुकड्याला दोन मिनिटं लागतात आणि पुढचा सगळा गोंधळ वाचतो. एफएफएमपेग (कमांड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यात आयडेट नावाचा फिल्टर आहे, तो पूर्ण फाईल चाळून किती फ्रेम टॉप फर्स्ट, किती बॉटम फर्स्ट, किती प्रोग्रेसिव्ह याचे आकडे देतो. स्थिर शॉट जास्त असले तर तो प्रोग्रेसिव्ह जास्त सांगतो, कारण काही हललंच नाही तर ओळखणार कशावरून, म्हणून हालचालीच्या भागावर चालवा.

कधी डिइंटरलेस करायचं नाही

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेला सिनेमा घ्या. सिनेमा फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो, पाल टीव्हीसाठी तो साधारण ४ टक्के वेगाने पळवून २५ करतात आणि एकेका फ्रेमचे दोन फील्ड पाडतात. दोन्ही फील्ड एकाच क्षणाचे, त्यामुळे ते परत विणले की मूळ फ्रेम पूर्ण मिळते. मीडियाइन्फो इंटरलेस्ड म्हणेल पण तुम्ही हात लावू नका, लावलात तर असलेले बारकावे उगाच जातील. कधीकधी विणताना जोडी चुकते, एका फ्रेमचं एक फील्ड आणि शेजारच्या फ्रेमचं दुसरं, मग सगळीकडे कंगवे दिसतात आणि माणूस डिइंटरलेस करायला धावतो. तिथे फील्ड मॅचिंग करायचं, म्हणजे जोड्या परत नीट लावायच्या. आधीच्या बॉब टेस्टमध्ये दोन-दोन फ्रेम सारख्या दिसल्या असतील तर हाच प्रकार समजा.

अमेरिकेतल्या नातेवाईकांनी पाठवलेल्या डीव्हीडी एनटीएससी असतात, ४८० ओळी आणि सेकंदाला ५९.९४ फील्ड. त्यात सिनेमा असेल तर २४ फ्रेम तिथे बसवायला काही फील्ड परत परत वापरलेले असतात, मगाशी सांगितलेलं तीन स्वच्छ-दोन कंगवे ते याच्यामुळे. त्याला डिटेलिसिन करतात, म्हणजे ते जादाचे फील्ड काढून टाकतात, हँडब्रेकमध्ये त्याचा वेगळा फिल्टर आहे, शेवटी २३.९७६ फ्रेम मिळायला हव्यात. पण काकांनी त्यांच्या घरच्या कॅमेऱ्याने काढलेला नातीचा वाढदिवस असेल तर तो साधा इंटरलेस्ड, आपल्यासारखाच, फक्त ५० च्या जागी साधारण ६०.

आणि ज्या डीव्हीडीत फ्रेम आधीच एकमेकांत कालवल्यात, म्हणजे आमच्या मंगळागौरीसारखी, तिथे कुठलाही फिल्टर आजीचा तो दुसरा हात काढू शकत नाही. मूळ टेप शोधा. ज्यांनी इंटरलेस्ड व्हिडिओची उंची आधी बदलली आणि नंतर तुम्हाला दिला त्याचंही तेच, त्यात दोन फील्डच्या ओळी एकमेकांत मिसळलेल्या असतात, त्या सुट्या होत नाहीत.

पद्धती एकेक करून

एक फील्ड टाकून देणे. सोपी पद्धत, अर्ध्या ओळी फेकायच्या, उरलेल्या ताणून दुप्पट करायच्या. कंगवा जातो पण ५७६ ओळींचे २८८ होतात आणि अर्धे क्षणही जातात. करू नका.

ब्लेंड. दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळून सरासरी काढायची. दुकानात आमच्या टेपेचं झालं ते हे. स्थिर फोटो दाखवला तर छानच वाटतो म्हणून लोक फसतात, हालचालीत मात्र प्रत्येक गोष्टीला सावली येते. हे पण करू नका, कितीही फास्ट असलं तरी.

बॉब. प्रत्येक फील्डमधून एक पूर्ण फ्रेम, सेकंदाला ५०. हालचाल टेपेवर होती तशी. पण साधा बॉब गाळलेल्या ओळी फक्त वरच्या-खालच्या ओळी बघून भरतो, त्यामुळे आडव्या बारीक रेघा थरथरतात. मामीच्या नऊवारीची जरीची बारीक किनार मला यातच कळली, ती शांत उभी होती आणि किनार सेकंदाला पंचवीसदा वरखाली करत होती. बाल्कनीची आडवी ग्रिल, जिन्याच्या पायऱ्या, विजेच्या तारा, सगळ्यांचं हेच होतं. हालचाल वाचवण्याची कल्पना बरोबर आहे, ओळी भरण्याची अक्कल कमी पडते.

याडिफ. नाव म्हणजे यट अनदर डिइंटरलेसिंग फिल्टर. हा आधीच्या आणि पुढच्या फील्डमध्ये डोकावतो, जिथे काही हललं नाही तिथे दुसऱ्या फील्डच्या खऱ्या ओळी उचलतो आणि जिथे हललं तिथे आजूबाजूच्या ओळींवरून अंदाज करतो. म्हणून जरीची किनार बरीच शांत होते. एफएफएमपेग, व्हीएलसी, हँडब्रेक सगळीकडे आहे आणि फास्ट आहे. याचे दोन प्रकार लक्षात ठेवा, एक फ्रेमला एक फ्रेम देणारा, म्हणजे २५, आणि दुसरा फील्डला एक फ्रेम देणारा, म्हणजे ५०.

बीडब्ल्यूडिफ. याडिफचाच पाया, पण ओळी भरायला बीबीसीच्या संशोधन विभागासाठी मार्टिन वेस्टन यांनी मांडलेली पद्धत जोडलेली. तिरक्या कडा याडिफपेक्षा नीट येतात, वेळ जवळपास तेवढाच. माझ्या मते आज नवीन माणसाने याडिफच्या जागी सरळ हाच घ्यावा. एफएफएमपेगमध्ये एक फरक आहे, याडिफ नुसता लिहिला तर २५ फ्रेम देतो, बीडब्ल्यूडिफ नुसता लिहिला तर ५०. हे माहीत नसल्यामुळे लोक दोघांची तुलना करतात आणि ‘बीडब्ल्यूडिफ किती गुळगुळीत’ म्हणतात, ती गुळगुळीतपणाची किमया ५० ची असते.

डीकोम्ब. हँडब्रेकची खास गोष्ट. हा फ्रेम तपासतो, कंगवा दिसला तरच डिइंटरलेस करतो, नाहीतर तशीच सोडून देतो. थोडा भाग इंटरलेस्ड थोडा प्रोग्रेसिव्ह अशा मिसळीच्या फाईलला उत्तम. पूर्ण टेप इंटरलेस्ड असेल तर मात्र ओळखण्याच्या भानगडीत पडायला नको, कारण अंधाऱ्या शॉटमध्ये त्याला कंगवा दिसत नाही आणि मधूनच एखादी फ्रेम तशीच सुटते.

क्यूटीजीएमसी. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात सावकाश. हा वस्तू कुठून कुठे गेली त्याचा माग काढतो आणि पुढच्या-मागच्या बऱ्याच फील्डमधून ओळी गोळा करून भरतो. जरीची किनार यात पूर्ण शांत होते, ट्यूबलाईटच्या उजेडातल्या मंगळागौरीचे रंगाचे दाणेही थोडे निवळतात. तो अ‍ॅव्हीसिंथ किंवा व्हेपरसिंथमध्ये चालतो आणि नवख्याला स्क्रिप्ट लिहायला जड जातं, पण हायब्रिड किंवा स्टॅक्सरिप यापैकी एखादं सॉफ्टवेअर घेतलं तर बटणांवर काम होतं. त्याचे प्रीसेट (तयार सेटिंग) ड्राफ्टपासून प्लासिबोपर्यंत असतात, मूळचा स्लोअर असतो. मी मीडियम किंवा स्लो वापरते, माझ्या जुन्या लॅपटॉपवर रात्री लावून झोपते आणि सकाळी एक टेप झालेली असते. एक काळजी घ्या, हा चेहऱ्याची त्वचा जास्त गुळगुळीत करू शकतो, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मला हव्या होत्या म्हणून दोन प्रीसेट शेजारी शेजारी लावून बघितले आणि मगच ठरवलं.

मग निवडायचं काय

माझा निवाडा सांगते. टेप खरी इंटरलेस्ड आहे, तर ५० फ्रेम ठेवा, २५ करू नका. याबद्दल मी फार ठाम आहे. लोकांना वाटतं २५ चा व्हिडिओ आहे तर २५ च ठेवायचा, पण टेपेवर ५० क्षण आहेत, २५ केलेत की त्या दिवसातला प्रत्येक दुसरा क्षण तुम्ही टाकून दिलात. फुगडी, लेझीम, दहीहंडीचा थर कोसळताना, लहान मूल पहिल्यांदा चालताना, या गोष्टी ५० मध्ये बघा आणि २५ मध्ये बघा, सांगावं लागणार नाही. फाईल दुप्पट मोठी होईल ही भीतीही नको, लागोपाठच्या फ्रेम एकमेकींसारख्याच असल्यामुळे एन्कोडर त्यांना कमी जागेत बसवतो.

टेपा कमी आणि जिवाभावाच्या असतील तर क्यूटीजीएमसी. खोकंभर टेपा आहेत आणि घरातल्यांना पुढच्या महिन्यात बघायच्यात तर बीडब्ल्यूडिफ बॉब. मी एकोणीसही टेपा बीडब्ल्यूडिफने केल्या आणि त्यातल्या मंगळागौर, आजोबांची पंचाहत्तरी आणि आणखी दोन अशा चार क्यूटीजीएमसीने परत केल्या. प्रत्येक टेपेला रात्र द्यायची गरज नाही, अंगणातल्या मांजराच्या चाळीस मिनिटांना तर नाहीच.

हँडब्रेकमध्ये प्रत्यक्ष कसं

फाईल उघडली की वर प्रीसेट दिसतो, सुरुवातीला फास्ट १०८०पी३० असतो. यातल्या ३० कडे लक्ष द्या, हा फ्रेमची कमाल मर्यादा ३० ला बांधतो, म्हणजे तुम्ही बॉब निवडलात तरी बऱ्याच फ्रेम गाळल्या जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. माझ्या पहिल्या तीन टेपा यातच वाया गेल्या. व्हिडिओच्या टॅबमध्ये जाऊन फ्रेमरेट ५० निवडा आणि कॉन्स्टंट करा. एनटीएससी असेल तर ५९.९४.

फिल्टर्सच्या टॅबमध्ये इंटरलेस डिटेक्शन ऑफ करा, डिइंटरलेसमध्ये बीडब्ल्यूडिफ घ्या (जुन्या आवृत्तीत नसेल तर याडिफ), आणि त्याच्या प्रीसेटमध्ये बॉब. डिटेक्शन ऑफ का, तर तपासणी आपण आधीच केलीय, आता प्रत्येक फ्रेम सारख्याच पद्धतीने जायला हवी.

क्वालिटीचा आकडा १८ ते २० च्या मध्ये ठेवा, कमी आकडा म्हणजे जास्त क्वालिटी. एन्कोडर एच.२६४, स्पीड स्लो. एच.२६५ पण चालेल, पण जुन्या टीव्हीवर एच.२६४ बिनतक्रार चालतो. लेव्हल (टीव्ही किंवा प्लेअरला किती भार झेपायला हवा त्याची पायरी) हाताने देऊ नका, ऑटो ठेवा. जुन्या गाईडमध्ये डीव्हीडीच्या साईजला लेव्हल ३.० लिहिलेली असते, ती ७२० बाय ५७६ ला बरोबर २५ फ्रेमपर्यंतच पुरते, ५० ला ३.१ लागते. १०८० ओळींच्या ५० फ्रेमला ४.२ लागते आणि काही जुने टीव्ही ४.१ पर्यंतच वाचतात, त्यामुळे एचडी हँडीकॅमची फाईल पूर्ण टेप करण्याआधी एका मिनिटाचा तुकडा त्या टीव्हीवर लावून बघा.

डायमेन्शन्समध्ये अ‍ॅनामॉर्फिक ऑटोमॅटिक राहू द्या. टेपेचे पिक्सेल चौरस नसतात, ७२० बाय ५७६ चं चित्र दाखवताना ४:३ व्हावं लागतं, नाहीतर माणसं बारीक किंवा जाडी दिसतात. ओळखायला सोपी खूण, पूजेचं ताट किंवा समई वरून दिसत असेल असा शॉट शोधा, गोल गोलच दिसायला हवं.

क्रम महत्त्वाचा आहे, आधी डिइंटरलेस, मग कापणं, मग साईज बदलणं, मग रंग वगैरे. हँडब्रेक हे आपणहून या क्रमाने करतो. पण एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्वतः करत असाल तर तिथे आधी झूम केलं किंवा जरा फिरवलं आणि नंतर डिइंटरलेस लावलं तर दोन फील्डच्या ओळी मिसळून जातात, मग कितीही चांगला फिल्टर असला तरी त्याला खऱ्या ओळी मिळतच नाहीत. व्हीएचएसच्या तळाला जी हलणारी फाटकी पट्टी असते ती पण डिइंटरलेस झाल्यावरच कापायची.

फील्डचा क्रम उलटा निघाला असेल, ती तीन पुढे एक मागेवाली थरथर, तर एफएफएमपेगमध्ये बीडब्ल्यूडिफला पॅरिटी सांगता येते, ० म्हणजे टॉप आधी, १ म्हणजे बॉटम आधी. डीव्हीसाठी १. सांगून परत तोच लेझीमचा तुकडा काढून बघायचा, थरथर गेली म्हणजे झालं, मग पूर्ण टेप लावायची.

घरच्यांना देताना

यूट्यूबवर खासगी लिंक करून टाकत असाल तर लक्षात ठेवा, तिथे ५० फ्रेम ७२० किंवा त्याहून जास्त ओळी असल्या तरच मिळतात, ५७६ ची फाईल टाकलीत तर निम्म्या फ्रेम जातात. म्हणून डिइंटरलेस झाल्यावर चित्र १४४० बाय १०८० एवढं मोठं करून टाका. नवीन बारकावे येणार नाहीत, पण हालचाल वाचेल. घरातल्या टीव्हीसाठी मोठं करायची गरज नाही, टीव्ही ते स्वतः करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो परत दाबून एन्कोड करतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मूळ इंटरलेस्ड फाईलच घरच्यांना द्यावी का, असं मामेबहिणीने विचारलं होतं. टीव्ही आणि व्हीएलसी ती नीट दाखवतील, पण मोबाईलमध्ये बऱ्याचदा कंगवेच दिसतात आणि आजकाल सगळं मोबाईलवरच बघतात. म्हणून बघायला डिइंटरलेस केलेली आणि जपायला मूळ, अशा दोन प्रती. मूळची एक प्रत माझ्याकडे नौपाड्यात, एक मामाकडे कोपरखैरण्याला, दोन वेगळ्या घरात.

पेनड्राईव्हवर देताना तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही आणि तासाभराची टेप कधीकधी त्याच्या वर जाते. मामाचा टीव्ही एक्सफॅट वाचत नव्हता, तर त्याच्यासाठी मी टेपेचे अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन भाग केले आणि भाग पाडताना परत एन्कोड न करता नुसतं कापून घेतलं. मंगळागौरीच्या दुसऱ्या भागात बाराव्या मिनिटाला फुगडी आहे, तेवढं मी पेनड्राईव्हच्या कागदावर लिहून दिलं.